ग्रीसचा सातबारा कोरा झाला का?

या महिन्यात पैशापाण्याच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त पत्रं युरोपच्या कर्जसंकटावर आली, निमित्त बहुतेकांचं एकच, ग्रीस जुनी कर्जं मुदतीआधी फेडतोय ही बातमी. मी २८ वर्षं जिल्हा बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि २०१० पासून हा विषय जमेल तेवढा वाचत आलेय, कारण कर्ज थकलं की माणसाच्या घरात काय होतं ते मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय. जागा कमी आहे, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, ग्रीसने कर्ज वेळेआधी फेडायला घेतलं, रेटिंग एजन्सींनी पत वाढवली, पेपरात "संकट संपलं" असं छापून येतं. खरंच संपलं का? आणि मुळात झालं काय होतं?
– निवृत्त शिक्षक, सांगली

सर, मार्चअखेरीला सोसायटीत "नवं-जुनं" चालतं ते तुम्ही सांगलीत बघितलं असेलच. शेतकरी पाहुण्याकडून नाहीतर सावकाराकडून दोन-चार दिवसांपुरते पैसे उचलतो, ३१ मार्चच्या आत सोसायटीचं कर्ज भरतो, खातं नियमित होतं आणि एप्रिलात तेवढंच किंवा थोडं जास्त कर्ज परत उचलून पाहुण्याचे पैसे देऊन टाकतो. कागदावर थकबाकी शून्य, घरावर बोजा तेवढाच. माझ्यासमोर एक आजोबा यायचे, कापडी पिशवीत रबर लावलेली नोटांची बंडलं, आणि भरणा झाला की पावती दोन्ही हातांनी धरून विचारायचे, "बाई, आता सुटलो ना मी?" मी हो म्हणायचे, पण मनातून मला ते कधी पटलं नाही. ग्रीसची बातमी वाचली की मला ते आजोबा आठवतात.

झालं असं. ऑक्टोबर २००९ मध्ये पापांद्रेऊ यांचं नवीन सरकार आलं आणि त्यांनी सांगितलं की आधीचे तुटीचे (सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा किती जास्त, त्याचे) आकडे खोटे आहेत, तूट जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, १२ टक्क्यांच्या वर आहे, पुढे नीट मोजल्यावर ती १५ च्याही वर निघाली. युरो घेतलेल्या देशाला मर्यादा ३ टक्क्यांची. तोपर्यंत बाजार ग्रीसला जवळपास जर्मनीच्याच व्याजाने पैसे देत होता, दोघांचं चलन एक म्हणजे पत पण एक असं समजून, तो समज एका झटक्यात उतरला आणि व्याज चढत गेलं. २३ एप्रिल २०१० ला पापांद्रेऊ यांनी कास्तेलोरिझो नावाच्या टोकाच्या छोट्या बेटावरून, मागे निळं बंदर आणि होड्या, देशाला सांगितलं की आम्ही मदत मागतोय. मग तीन पॅकेजं आली, २०१० मध्ये ११० अब्ज युरो, २०१२ मध्ये १३० अब्ज, २०१५ मध्ये ८६ अब्जांपर्यंत (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी). देणारे युरो देश आणि त्यांचे निधी, सोबत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, आणि कागदपत्रं तपासायला युरोपची मध्यवर्ती बँक ईसीबी, या तिघांना तिकडचे लोक "त्रोइका" म्हणायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिसरं पॅकेज संपलं तेव्हा पंतप्रधान त्सिप्रास यांनी भाषणासाठी इथाका बेट निवडलं, ओडिसियस वीस वर्षांनी घरी परतला ते बेट, म्हणजे बेटावर सुरू झालं आणि बेटावर संपलं असं दाखवायचं होतं.

आता त्या पॅकेजचा पैसा गेला कुठे ते बघा. बराचसा जुन्या बाँडची (सरकारच्या कर्जरोख्यांची) मुद्दल, व्याज आणि बँकांना भांडवल यातच गेला. आधी कर्ज खाजगी बँकांचं होतं, त्यात फ्रेंच आणि जर्मन बँका मोठ्या, त्या हळूहळू बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी युरोपातली सरकारं सावकार म्हणून येऊन बसली. २०१२ मध्ये खाजगी बाँडधारकांना ५३.५ टक्के मुद्दल सोडायला लावली, तेव्हा १०० अब्जांच्या वर कर्ज कागदावरून गेलं खरं, पण ते बाँड ग्रीसच्याच बँकांकडे आणि ग्रीसच्याच पेन्शन फंडांकडेही होते, मग त्या बँका बुडू नयेत म्हणून सरकारने परत कर्ज काढून त्यांना पैसे दिले. यालाच मी नवं-जुनं म्हणते.

आणि आकडे. २००९ ला ग्रीसवर साधारण ३०० अब्ज युरो कर्ज होतं. आज ३६० अब्जांच्या आसपास आहे. हो, इतकी वर्षं पोटाला चिमटा काढून रक्कम वाढलेलीच आहे. जीडीपीच्या प्रमाणात २००९ ला १२७ टक्के, २०२० ला २०० च्या वर, आणि २०२४ अखेरीस १५४ च्या आसपास. ही घसरण खरी आहे, त्याचं श्रेय द्यायला हवं, वाढ झाली, बजेट शिलकीत आलं, पण महागाईचाही त्यात मोठा हात आहे, किमती वाढल्या की जीडीपीचा आकडा फुगतो आणि जुनं कर्ज त्यापुढे लहान दिसतं.

बाजाराची भीती का गेली तर या कर्जातला बहुतेक भाग आता सरकारी सावकारांचा आहे, व्याज कमी, मुदती लांबच लांब, काही हप्ते २०७० पर्यंत जातात. दुसऱ्या पॅकेजमधल्या मोठ्या रकमेचं तर व्याज आणि मुद्दल दोन्ही २०३२ पर्यंत पुढे ढकललंय. नाणेनिधीचं कर्ज ग्रीसने २०२२ मध्येच चुकतं केलं, २०२३ पासून एकेक एजन्सीने पत परत दिली, मार्च २०२५ मध्ये मूडीजनेही दिली. तर माझं उत्तर असं, सर, कर्ज देणाऱ्यांचं संकट संपलं. फेडणाऱ्याचं नाही संपलं, त्याचे हप्ते पाडून दिलेत.

प्रश्न : ताई, आमचे सर म्हणतात की मारियो द्राघी एक वाक्य बोलले आणि युरो संकट संपलं. एका वाक्याने एवढं कसं होतं?
– बी.कॉम.चा विद्यार्थी, पुणे

तुझे सर बरोबर सांगतात, फक्त अर्धं सांगतात. २६ जुलै २०१२, लंडन, ईसीबीचे अध्यक्ष द्राघी म्हणाले की आमच्या अधिकारात राहून युरो वाचवायला जे लागेल ते करू आणि विश्वास ठेवा, ते पुरेसं असेल. त्या आठवड्यात स्पेन सरकारला दहा वर्षांच्या कर्जावर पडणारं व्याज साडेसात टक्क्यांपर्यंत गेलेलं, ते त्या वाक्यानंतर उतरायला लागलं. सप्टेंबरमध्ये त्यांनी अडचणीतल्या देशांचे बाँड लागतील तेवढे विकत घ्यायची योजना जाहीर केली आणि आजपर्यंत त्या योजनेतून एक युरो खर्च झालेला नाही. गावात एखादा दणकट जामीनदार उभा राहिला की सावकार गप्प बसतो ना, तसं.

पण हे वाक्य लागलंच का ते समजून घे, खरा धडा तिथे आहे. १९९१ साली आपल्याकडे परकी चलन संपत आलं, रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं परदेशी पाठवून गहाण ठेवलं, आणि त्याच जुलैत रुपयाचं अवमूल्यन, म्हणजे डॉलरपुढे त्याची किंमत मुद्दाम कमी, दोन टप्प्यांत केलं. दुखलं, महागाई झाली, पण रुपया आपला होता म्हणून ते करता आलं. ग्रीसने २००१ मध्ये स्वतःचं चलन द्राख्मा सोडून युरो घेतला, त्यामुळे २०१० ला चलन उतरवायची सोयच उरली नाही. चलन उतरत नाही म्हणजे मग पगार उतरवायचे, पेन्शन उतरवायची. आणि नोटा छापणारी बँक फ्रँकफर्टला, ती कुणा एका देशाची नाही. द्राघींच्या त्या वाक्यापर्यंत बाजाराला माहीतच नव्हतं की या देशांमागे शेवटी कुणी उभं आहे का नाही.

आता राहिलेलं अर्धं. ज्या बँकेने २०१२ ला आधार दिला तिनेच २८ जून २०१५ ला ग्रीसच्या बँकांना मिळणारी तातडीची रोकड वाढवायला नकार दिला, आदल्याच दिवशी त्सिप्रास सरकारने सावकारांच्या अटींवर सार्वमत जाहीर केलेलं. दुसऱ्या दिवशी बँका बंद. एटीएममधून दिवसाला ६० युरो, आणि वीसच्या नोटा संपल्यावर बऱ्याच ठिकाणी ५०च. पेन्शनर म्हातारी माणसं बंद शाखांच्या पायऱ्यांवर उन्हात बसलेली, ते फोटो तू शोधून बघ. ५ जुलैला ६१ टक्के लोकांनी अटींना "नाही" म्हटलं आणि आठवड्याभरात, १३ जुलैला, सरकारला जवळपास तशाच किंवा जास्त कडक अटींवर सही करावी लागली. म्हणजे तो आधार बिनशर्त नाही, हे परीक्षेत लिही.

अजून एक गोष्ट, बँका आणि सरकारं एकमेकांच्या गळ्यात अडकलेली असणं हे संकटाचं मूळ होतं, बँकेकडे सरकारचे बाँड आणि बँक बुडाली तर वाचवणारं तेच सरकार. २०१४ पासून मोठ्या बँकांवर ईसीबीची एकत्र देखरेख आली हे चांगलं झालं. पण ठेवींचा विमा अजून देशादेशाचा वेगवेगळा आहे. आपल्याकडे पाच लाखांचं संरक्षण गडचिरोलीतल्या खातेदाराला आणि मुंबईतल्या खातेदाराला एकाच संस्थेकडून मिळतं, तिकडे मर्यादा सगळीकडे एक लाख युरो पण पैसे देणारा निधी ज्याचा त्याचा. अडचणीतल्या देशातला माणूस पहिल्या अफवेला पैसे काढायला पळणारच.

प्रश्न : ताई, कर्ज, बाँड हे कळतं थोडंफार. तिथल्या साध्या माणसांचं काय झालं ते सांगा ना.
– वाचक, रत्नागिरी

तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं.

२००८ ते २०१६ या काळात ग्रीसची अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांश आकसली, आणि हे लढाई नसताना. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांच्या वर, तरुणांमध्ये ५८ च्या आसपास. सरकारी नोकरांना आणि पेन्शनरांना तिकडे ख्रिसमस, ईस्टर आणि उन्हाळ्याला जादा पगार मिळायचा, तेरावा-चौदावा म्हणायचे, आपल्या दिवाळीच्या बोनससारखा घराच्या हिशोबात आधीच धरलेला, तो गेला. किमान वेतन २०१२ मध्ये ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं, पंचविशीच्या आतल्यांना ५११. पेन्शन तर किती वेळा कापली.

मला सगळ्यात जास्त लागलेल्या दोन गोष्टी सांगते. २०११ ला सरकारने घरांवर नवीन कर बसवला आणि तो वसूल केला विजेच्या बिलातून, कर भरला नाही तर वीज तोडू अशी धमकी, पुढे कोर्टाने ते वीज तोडणं बेकायदा ठरवलं. आणि २०१२ च्या हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या तेलावरचा कर एवढा वाढवला की लोकांना ते परवडेना, मग अथेन्स आणि थेस्सालोनिकीत लोक शेकोट्यांमध्ये लाकूड, जुन्या खिडक्या-दारं, रंग लावलेल्या फळ्या जाळायला लागले, आणि थंडीच्या रात्री शहरावर धुराचा थर बसायचा. कर वाढवून तेलाची विक्रीच पडली. बजेटच्या तक्त्यात एक ओळ सुधारली की खाली कुणाच्या तरी खोलीत लहान मूल खोकतं, हे तक्ता करणाऱ्याला दिसत नाही. २०१३ मध्ये नाणेनिधीने स्वतः कबूल केलं की खर्चकपातीने अर्थव्यवस्था किती खाली जाईल याचा अंदाज चुकला. कबूल केलं हे चांगलंच, पण तोपर्यंत दुकानांची शटरं खाली आलेली.

चार लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, त्यात डॉक्टर, इंजिनियर भरपूर. २००८ मध्ये ग्रीसमध्ये १ लाख १८ हजार बाळं जन्मली होती, २०२३ मध्ये साधारण ७१ हजार.

२०२४ पर्यंत बेकारी १० टक्क्यांच्या आसपास आली, किमान वेतन २०२५ ला ८८० युरो झालं, काही तरुण परत येतायत, हे सगळं खरं आणि आनंदाचं आहे. पण महागाई वजा केली तर तिथलं उत्पन्न अजून २००८ पेक्षा कमी आहे, आणि खरेदीची ताकद बघितली तर ग्रीक माणूस युरोपियन युनियनमध्ये तळाच्या रांगेत, बल्गेरियाच्या जवळ. अथेन्समध्ये भाडी मात्र चढलेली. आणि बँकांचं एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, ४५ टक्क्यांच्या वरून ३-४ टक्क्यांवर आलं असं सांगतात ना, त्यातली बरीचशी कर्जं फिटलेली नाहीत, बँकांनी ती फंडांना विकली. माणसाचं घर गहाणच आहे, वसुलीला येणाऱ्याचं नाव तेवढं बदललं.

जाता जाता, "ग्रीक आळशी" हे वाक्य आपल्याकडेही फिरतं, ते सोडून द्या. वर्षाला काम करायच्या तासांत ग्रीक लोक युरोपात वरच्या नंबरात आहेत. करचुकवेगिरी होती, आकड्यांची लबाडी होती, ती सरकारांची आणि मोठ्यांची जास्त. आणि ज्या आंद्रेआस गेओर्गिऊ यांनी २०१० नंतर आकडे नीट करून दिले त्या सांख्यिकी प्रमुखांवरच देशात वर्षानुवर्षं खटले चालले.

प्रश्न : आमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर गेलेले खूप आहेत, माझा भाऊही, पण तो पोर्तुगालला राहिला नाही, सरळ इंग्लंडला गेला. पोर्तुगाल, आयर्लंड यांचं काय झालं?
– वाचक, मडगाव

भाऊ सरळ इंग्लंडला गेला कारण त्या वर्षांत पोर्तुगीज तरुणच देश सोडत होते. २०११ च्या डिसेंबरात पंतप्रधान पासोस कोएल्यो यांनी बेकार शिक्षकांना ब्राझीलसारख्या पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत काम बघा असं सुचवलं होतं, स्वतःच्या शिक्षकांना. पोर्तुगालने २०११ ला ७८ अब्जांचं पॅकेज घेतलं, २०१४ ला बाहेर पडला, तेव्हा कर्ज जीडीपीच्या १३० टक्क्यांच्या वर होतं, २०२३ अखेरीस १०० च्या खाली आलं. या सगळ्यांत मला पोर्तुगालची सुधारणा जास्त भक्कम वाटते. तरी लिस्बनमधलं घरभाडं पगाराला झेपत नाही ही तिथल्या लोकांची आजची तक्रार आहे.

आयर्लंड वेगळं. त्यांचं सरकार उधळं नव्हतंच, २००७ ला कर्ज जीडीपीच्या फक्त २५ टक्के. सप्टेंबर २००८ च्या एका रात्री सरकारने बँकांची सगळी देणी आपल्या अंगावर घेतली, बँकांनी घरबांधणीत केलेला घोळ शेवटी ६४ अब्जांना पडला, २०१२ पर्यंत कर्ज १२० टक्क्यांच्या जवळ. आता तिथे अमेरिकन कंपन्यांच्या करामुळे तिजोरी भरलेली आहे, पण त्याच कंपन्यांमुळे जीडीपी इतका फुगतो (२०१५ मध्ये वाढ २५ टक्क्यांच्या आसपास दाखवली गेली) की आकड्यावरून घरातली परिस्थिती कळत नाही. सायप्रसमध्ये २०१३ ला एका मोठ्या बँकेत लाखाच्या वरच्या ठेवींमधले ४७.५ टक्के कापले, ठेवीदार म्हणून मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं.

प्रश्न : महाराष्ट्रावर नऊ लाख कोटींच्या वर कर्ज आहे म्हणतात, आपला ग्रीस होईल का?
– वाचक, लातूर

नाही, त्या अर्थाने नाही. साम्य एवढंच की राज्यालाही नोटा छापता येत नाहीत. पण राज्याचं कर्ज राज्याच्या जीडीपीच्या २० टक्क्यांच्या आत आहे, ग्रीसचं सुरुवातीलाच १२७ होतं, शिवाय राज्याला घटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राच्या परवानगीने कर्ज काढावं लागतं, बाँडची विक्री रिझर्व्ह बँक बघते, आणि केंद्राच्या करातला वाटा दर महिन्याला येतो. युरोपात तसा वाटा देणारं केंद्रच नाही, २०२० मध्ये कोविडसाठी त्यांनी पहिल्यांदा एवढं मोठं एकत्र कर्ज काढलं, ७५० अब्जांचं. काळजी करायचीच तर कर्ज कशासाठी काढतोय त्याची करा, कालव्याला की पगाराला.

प्रश्न : मग पुढचा नंबर कुणाचा? आणि संकट संपलं असं तुम्ही कधी म्हणाल?
– वाचक, नाशिक (द्राक्ष निर्यातदार)

तुमचा माल रॉटरडॅमला उतरतो, पैसे युरोत येतात, म्हणून तुमची काळजी कळते. ग्रीसकडे बघू नका, फ्रान्सकडे बघा. २०२४ मध्ये फ्रान्सची तूट ५.८ टक्के, कर्ज ११३ टक्क्यांच्या आसपास, बजेटच्या भांडणात डिसेंबर २०२४ ला बार्निए यांचं सरकार पडलं, सप्टेंबर २०२५ ला बायरू यांचं, आणि त्याच महिन्यात फिचने फ्रान्सची पत खाली आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर फ्रान्सला ग्रीसएवढंच व्याज पडायला लागलं, पंधरा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. इटलीचं कर्ज जीडीपीच्या १३५ टक्क्यांच्या आसपास आहेच. लगेच काही कोसळेल असं मला वाटत नाही, ईसीबीकडे २०२२ पासून व्याज अचानक भडकलं तर वापरायला अजून एक हत्यार आहे. पण फ्रान्सचा जामीनदार व्हायला कोण पुरेसा मोठा आहे, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. युरोत येणाऱ्या पैशांचं फॉरवर्ड कव्हर (पुढे येणारे युरो आजच ठरवलेल्या दराने विकायचा बँकेशी करार) घेत जा, निदान अर्ध्या मालाचं तरी.

आणि ग्रीसबद्दल विचाराल तर मी २०३२ नंतरची दोन-तीन वर्षं बघणार आहे, पुढे ढकललेलं व्याज तेव्हा सुरू होईल. पहिल्या पॅकेजमधलं युरो देशांचं कर्ज २०४१ ऐवजी २०३१ पर्यंत संपवायचं असं त्यांच्या सरकारने ठरवलंय, ते जमलं आणि तरीही पेन्शनला हात लावायला लागला नाही, तर त्या दिवशी मी याच पानावर तसं लिहीन.